बोस्टनचा हँकॉक टॉवर: एका इमारतीची चार वेगवेगळी दुखणी

अमेरिकेतील बोस्टन शहराच्या मध्यवस्तीत उभ्या असलेल्या हँकॉक टॉवरची कथा सहसा एकाच वाक्यात सांगितली जाते: इमारत वाऱ्याने फार डोलत होती, म्हणून तिच्या काचा निखळून रस्त्यावर पडल्या. हे वाक्य लक्षात राहायला सोपे आहे, पण ते बरोबर नाही. १९६८ मध्ये खोदकाम सुरू झाल्यापासून १९७६ मध्ये उद्‍घाटन होईपर्यंत या ६० मजली कार्यालयीन इमारतीत चार निरनिराळे दोष उघडकीस आले. एक जमिनीचा होता, एक काचेचा, एक डोलण्याचा आणि एक पोलादी सांगाड्याच्या स्थैर्याचा. चारही दोषांची कारणे वेगळी होती, त्यांवरचे उपायही वेगळे होते, आणि काचा पडण्याचा डोलण्याशी कार्यकारणसंबंध नव्हता. हे चार धागे सुटे करून पाहिले, तर उंच इमारत म्हणजे नेमके काय प्रकरण असते याची बरीच कल्पना येते.

प्रथम जागा समजून घ्यावी लागेल, कारण पहिला दोष जागेतूनच उद्भवला. टॉवर कॉप्ली स्क्वेअर नावाच्या चौकाच्या कोपऱ्यावर आहे. बोस्टन मॅरेथॉनची अंतिम रेषा याच चौकालगतच्या बॉइल्स्टन स्ट्रीटवर असते. चौकाच्या पूर्वेला ट्रिनिटी चर्च आहे. हेन्री हॉब्सन रिचर्डसन या वास्तुकाराने ते १८७२ ते १८७७ या काळात बांधले, आणि जाडजूड दगडी भिंती व गोल कमानींच्या त्याच्या शैलीला पुढे त्याचेच नाव मिळाले. समोर पश्चिमेला १८९५ मध्ये उघडलेले बोस्टन पब्लिक लायब्ररीचे भवन आहे, ज्याच्या प्रवेशद्वारावर ‘सर्वांसाठी मुक्त’ अशा अर्थाचे शब्द कोरलेले आहेत. लायब्ररीसमोर रस्त्यापलीकडे ओल्ड साउथ चर्चचा उंच घंटामनोरा दिसतो, तर चौकाच्या दक्षिण बाजूला १९१२ चे कॉप्ली प्लाझा हॉटेल आहे. अमेरिकेच्या वास्तुकलेत ज्यांचा आदराने उल्लेख होतो अशा इतक्या वास्तू एका चौकाभोवती क्वचितच आढळतात.

मात्र या सगळ्या वास्तू ज्या जमिनीवर उभ्या आहेत, ती जमीन दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी अस्तित्वातच नव्हती. तिथे चार्ल्स नदीच्या मुखाजवळची, भरतीच्या पाण्याखाली जाणारी दलदल होती. १८५० च्या दशकाच्या अखेरीस ती भरून काढण्याचे काम सुरू झाले आणि काही दशके चालले. त्यासाठी नीडम या गावातून रेल्वेगाड्यांनी खडी आणि वाळू आणली जात असे. या भागाला बॅक बे म्हणतात. मुंबईकरांना हे नाव ओळखीचे वाटेल, कारण नरिमन पॉइंट ज्या भरावावर वसले, त्या योजनेचे नावही बॅकबे रेक्लमेशनच होते. बोस्टनच्या भरावाखाली नदीचा जुना गाळ आहे आणि त्याखाली मऊ निळसर चिकणमातीचा जाड थर आहे. खरा कठीण खडक त्याहून बराच खोल आहे.

अशा जमिनीवर दगडी चर्च उभे करायचे, तर एकोणिसाव्या शतकात एकच मार्ग होता: लाकडी खांब जवळजवळ ठोकून त्यांवर पाया बांधायचा. ट्रिनिटी चर्चखाली असे सुमारे ४,५०० खांब आहेत. लाकूड जमिनीत कुजत कसे नाही, हा प्रश्न इथे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला हवा लागते. खांब जोपर्यंत भूजलाच्या पातळीखाली पूर्ण बुडालेले असतात तोपर्यंत त्यांना ऑक्सिजन मिळत नाही आणि ते शतकानुशतके टिकतात. पण गळक्या गटारांमुळे, भुयारी रेल्वेमुळे किंवा खोल तळघरांमुळे पाण्याची पातळी खाली गेली, की खांबांची उघडी पडलेली डोकी कुजू लागतात आणि वरची इमारत खचू लागते. १९२९ मध्ये लायब्ररीच्या भिंतींना तडे गेले, तेव्हा खाली तपासल्यावर नेमके हेच आढळले. ओल्ड साउथ चर्चचा मूळ मनोराही मऊ जमिनीमुळे एवढा कलला, की १९३१ मध्ये तो उतरवावा लागला आणि त्याच दशकाच्या अखेरीस नव्याने उभारावा लागला. म्हणजे हँकॉक टॉवरच्या कित्येक वर्षे आधीच या जमिनीने आपला स्वभाव दाखवून दिला होता. आजही या भागातील भूजलाची पातळी निरीक्षण-विहिरींमधून मोजली जाते. १९८६ मध्ये त्यासाठी शहराने एक स्वतंत्र संस्थाच स्थापन केली.

आता टॉवरकडे येऊ. जॉन हँकॉक ही बोस्टनची जुनी आयुर्विमा कंपनी. तिची प्रतिस्पर्धी प्रुडेन्शियल या कंपनीने १९६४ मध्ये जवळच ५२ मजली इमारत उभारली आणि हँकॉकचे १९४७ चे २६ मजली मुख्यालय एका झटक्यात बुटके ठरले. प्रुडेन्शियलपेक्षा उंच इमारत हवी, ही इच्छा त्यातून आली, हे बोस्टनमध्ये कोणी लपवत नाही. आय. एम. पेई यांच्या संस्थेतील हेन्री कॉब यांनी आराखडा केला. ७९० फूट, म्हणजे सुमारे २४१ मीटर उंचीची ही इमारत आजही अमेरिकेच्या न्यू इंग्लंड या प्रदेशातील सर्वांत उंच इमारत आहे.

कॉब यांच्यापुढचा पेच अवघड होता. रिचर्डसनच्या चर्चपासून रस्त्याच्या रुंदीएवढ्या अंतरावर त्यांना त्याच्या कितीतरी पट उंच इमारत उभी करायची होती, आणि चर्चवर तिची सावली पडणार म्हणून शहरात ओरड सुरू झाली होती. इमारतीचा आकार लपवणे शक्य नव्हते. तेव्हा तिचे अस्तित्व शक्य तितके पुसट करावे, असा मार्ग त्यांनी घेतला. मजल्याचा आकार सरळ आयत न ठेवता समांतरभुज चौकोनाचा ठेवला, जेणेकरून चौकातून पाहताना इमारतीची प्रचंड रुंदी अंगावर न येता तिची धारदार कड पुढे येईल. दोन्ही अरुंद बाजूंना मधोमध वरपासून खालपर्यंत खोल खाच दिली, त्यामुळे त्या बाजू आणखी सडपातळ दिसतात. आणि सगळ्या भिंती निळसर आरशासारख्या काचेने मढवल्या. आकाश निरभ्र असेल तर इमारत त्यात मिसळून जाते, आणि काचेत शेजारच्या चर्चचे प्रतिबिंब पडते. माझ्या मते हा विसाव्या शतकातील काचेच्या इमारतींमधला सर्वांत विचारपूर्वक केलेला आराखडा आहे. पण पुढच्या अडचणी समजून घेताना हे लक्षात ठेवावे लागते, की अतिशय पातळ देह आणि अखंड काच या दोन्ही गोष्टी सौंदर्यासाठी निवडलेल्या होत्या आणि त्या दोन्हींची किंमत मोजावी लागणार होती.

पहिला दोष इमारत जमिनीवर येण्यापूर्वीच दिसला. खोल तळघरासाठी खड्डा घेताना भोवतीची माती आत ढासळू नये म्हणून पोलादी पत्र्यांची तात्पुरती भिंत ठोकतात. खड्ड्यातील माती काढली, की त्या भिंतीला आतून मिळणारा आधार जातो आणि बाहेरच्या मातीचा व पाण्याचा सगळा दाब एकाच बाजूने येतो. घट्ट जमिनीत ही भिंत थोडीशी वाकते आणि थांबते. मऊ चिकणमातीत ती वाकतच राहते. भिंत जितकी आत सरकते तितकी मागची माती तिच्यामागोमाग सरकते, आणि त्या मातीवर जे काही उभे असेल ते खचते. बोस्टनमध्ये हेच झाले. रस्ते आणि पदपथ खचले, जमिनीखालच्या वाहिन्यांचे नुकसान झाले, आणि ट्रिनिटी चर्चचा पाया हलून त्याच्या दगडी बांधकामाला तडे गेले. ज्या चर्चच्या सन्मानासाठी टॉवरचा सगळा आराखडा बेतला होता, त्याच चर्चला टॉवरच्या खड्ड्याने इजा केली.

चर्चने दावा लावला, आणि तो अनेक वर्षे चालला. त्यातील मुद्दा कायद्याच्या दृष्टीने रंजक आहे. नुकसान मोजायचे कसे? बाजारभाव किती घसरला हा नेहमीचा निकष, पण ट्रिनिटी चर्चसारख्या वास्तूला बाजारभाव असतो कुठे? चर्चच्या बाजूने असा युक्तिवाद झाला, की दगडी इमारत ठरावीक मर्यादेपर्यंतच खचणे सहन करू शकते आणि ती मर्यादा गाठली की ती उतरवून पुन्हा बांधावी लागते. खोदकामाने तिला त्या मर्यादेच्या दिशेने जितके ढकलले, पुनर्बांधणीच्या खर्चातील तितका वाटा कंपनीने द्यावा. चर्च तर अजून उभेच आहे, तेव्हा हा खर्च काल्पनिक आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये चर्चचा मार्ग मान्य केला आणि चर्चला सुमारे १ कोटी १० लाख डॉलर मिळाले. विशिष्ट उपयोगाच्या वास्तूंची भरपाई कशी ठरवावी, यासाठी अमेरिकेत या निकालाचा आधार घेतला जातो.

दुसरा दोष सर्वांत गाजलेला. टॉवरला १०,३४४ काचा होत्या. प्रत्येक काच साडेचार फूट रुंद, साडेअकरा फूट उंच आणि सुमारे सव्वादोनशे किलो वजनाची. २० जानेवारी १९७३ च्या रात्री ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाच्या वादळी वाऱ्यात त्यांतील किमान ६५ काचा फुटून खाली आल्या. त्यानंतरही काचा पडत राहिल्या. वाऱ्याचा वेग ताशी ७२ किलोमीटरवर गेला की पोलीस भोवतीचे रस्ते बंद करत. निखळलेल्या काचांच्या जागी काळसर रंगवलेले प्लायवूड बसवले गेले, आणि त्याचे क्षेत्रफळ एकरभराहून जास्त झाल्यावर लोकांनी इमारतीला ‘प्लायवूड पॅलेस’ हे नाव दिले. एवढे सगळे होऊनही पडणाऱ्या काचेने कोणाचा जीव गेला नाही.

काच फुटण्याचे कारण शोधायला बराच वेळ लागला, कारण संशय साहजिकच वाऱ्यावर होता. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये बॅक बे परिसराची प्रतिकृती करून वातबोगद्यात चाचण्या झाल्या. खरे कारण मात्र काचेच्या कडेत सापडले. या काचा दुहेरी होत्या: दोन तावदाने, त्यांच्यामध्ये हवेची बंद पोकळी, आणि चारही कडांना शिशाची पट्टी, जी डाख लावून, म्हणजे सोल्डरने, तावदानांना जोडलेली होती. बाहेरच्या तावदानाच्या आतील अंगाला आरशाचा परिणाम साधणारा धातूचा पातळ थर होता. आता पोकळीतली हवा दिवसा तापून फुगते आणि रात्री आकसते. वारा तावदानांना आत-बाहेर ढकलतो. या रोजच्या हालचालीत कडेच्या जोडाने किंचित लवायला हवे. इथला जोड धातूच्या थराशी इतका घट्ट बसला होता, की तो लवत नव्हता. मग सगळा ताण काचेवर येई. शिशाच्या जोडाला थकव्याने सूक्ष्म भेग पडली, की ती भेग थेट काचेच्या कडेत उतरे आणि तिचा बारीक कपचा उडे. काच ताणात किती टिकते हे तिच्या कडेवरच्या ओरखड्यांवर अवलंबून असते. कड एकदा जखमी झाली की पुढचा जोरदार वारा पुरेसा होता. वाऱ्याने काचा पाडल्या हे त्यामुळे खरे असले, तरी इमारत अजिबात न डोलता उभी राहिली असती, तरी त्या पडल्या असत्या.

ऑक्टोबर १९७३ मध्ये जाहीर झालेला उपाय सरळ होता: सर्व १०,३४४ काचा काढून त्यांच्या जागी एकेरी टेम्पर्ड काच बसवायची. ही काच तापवून झपाट्याने थंड केलेली असते, त्यामुळे ती बरीच मजबूत होते, आणि फुटलीच तर मोठ्या धारदार तुकड्यांऐवजी तिचे बारीक खडे होतात. एकेरी काचेतून उष्णतेची गळती अर्थातच जास्त होते, आणि अरब देशांनी अमेरिकेचे तेल रोखले तो महिनाही नेमका हाच होता. या बदलासाठी पन्नास ते सत्तर लाख डॉलर लागले. एकूण खर्च मात्र साडेसात कोटी डॉलरच्या अंदाजावरून साडेसतरा कोटींवर गेला आणि उद्‍घाटन १९७१ ऐवजी सप्टेंबर १९७६ मध्ये झाले.

तिसरा दोष डोलण्याचा. प्रत्येक उंच इमारत डोलते, आणि तिने थोडे डोलणे आवश्यकही असते. प्रश्न असतो तो आत बसलेल्या माणसांचा: हालचालीचा वेग सारखा बदलत राहिला की गाडी लागल्यासारखे मळमळते. हँकॉक टॉवरच्या वरच्या मजल्यांवर तसे होऊ लागले. शिवाय पातळ, लांबट देहामुळे ही इमारत केवळ पुढे-मागे न डोलता स्वतःभोवती थोडी पिळतही होती. हा धोक्याचा नव्हे, तर सोयीचा प्रश्न होता. पण जिथे उभे राहवत नाही असे कार्यालय भाड्याने कोण घेणार?

प्रत्येक इमारतीला डोलण्याची स्वतःची एक लय असते, म्हणजे एक हेलकावा पूर्ण करायला तिला ठरावीक वेळ लागतो. झोपाळ्याला योग्य क्षणी हलकेच हात लावत राहिले तर तो उंच जातो, आणि उलट्या क्षणी लावला तर थांबतो. अभियंता विल्यम लेमेशुरिये यांनी सुचवलेली ट्यून्ड मास डँपर ही योजना दुसऱ्या प्रकारात मोडते. ५८ व्या मजल्याच्या दोन टोकांना शिसे भरलेली प्रत्येकी ३०० टनांची दोन पोलादी खोकी ठेवली आहेत. ती तेलाचा थर दिलेल्या पोलादी पत्र्यावर सहज घसरतात आणि स्प्रिंग व धक्काशोषकांनी इमारतीच्या सांगाड्याला जोडलेली आहेत. इमारत एका बाजूला सरकली तरी जडत्वामुळे खोके जागच्या जागी राहू पाहते. म्हणजे त्याच्याखालचा मजलाच सरकतो. ताणलेली स्प्रिंग मग इमारतीला मागे ओढते. स्प्रिंगचा ताठपणा असा बेतलेला असतो, की खोक्याची लय इमारतीच्या लयीशी जुळते पण मागून येते, आणि हेलकाव्यातील ऊर्जा धक्काशोषकांत उष्णता होऊन विरते. खोकी दोन आणि तीही टोकांना का, याचे उत्तर पिळण्यात आहे. इमारत सरळ डोलते तेव्हा दोन्ही खोकी एका दिशेने काम करतात. पिळते तेव्हा ती एकमेकांच्या विरुद्ध दिशेने सरकतात.

चौथा दोष सर्वांत गंभीर होता, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली. डोलण्याचा अभ्यास चालू असताना झ्युरिकचे अभियंता ब्रुनो थ्युर्लिमान यांना आकडेमोड तपासायला बोलावले गेले. त्यांचा निष्कर्ष असा, की विशिष्ट वाऱ्यात इमारत कोसळण्याची शक्यता आहे, आणि तीही रुंद बाजूवर वारा आदळल्याने नव्हे, तर अरुंद कडेच्या दिशेने, म्हणजे लांबीच्या दिशेने. पहिल्यांदा ऐकताना हे उलटे वाटते, कारण लांबीच्या दिशेने इमारत कितीतरी भक्कम दिसते.

कारण गुरुत्वाकर्षणात आहे. उभ्या इमारतीचे वजन सरळ खाली पायात जाते. ती जरा कलली, की वरचे वजन पायाच्या मध्यापासून बाजूला सरकते आणि कलण्यात स्वतःची भर घालते. त्याने ती आणखी कलते, वजन आणखी सरकते. सांगाडा पुरेसा ताठ असेल तर ही साखळी लवकरच थांबते, नसेल तर थांबत नाही. वाऱ्याचा जोर दिशेनुसार बदलतो: रुंद बाजूवर तो प्रचंड असतो, अरुंद बाजूवर थोडा. म्हणून लांबीच्या दिशेने सांगाड्याला कमी ताठपणा पुरेल असे धरले जाते. पण वजन कुठल्याही दिशेने तेवढेच असते. वाऱ्याच्या हिशेबात पास झालेली दिशा वजनाच्या हिशेबात नापास होऊ शकते, आणि ६० मजल्यांच्या सडपातळ इमारतीत हा दुसरा हिशेब दुर्लक्षित करण्याजोगा राहत नाही. उपाय म्हणून इमारतीच्या गाभ्यात सुमारे १,५०० टन पोलादी तिरपे आधार बसवण्यात आले. त्यासाठी ५० लाख डॉलर लागले. जे काम कोणाला दिसलेही नाही, ते काचा बदलण्याच्या गाजलेल्या कामाच्या बरोबरीने खर्चिक होते. आज उंच इमारतींचा आराखडा संगणकावर करताना वजनाचा हा वाढीव परिणाम तपासणे नित्याचे झाले आहे.

पुढे इमारतीचे दिवस पालटले. १९७७ मध्ये अमेरिकी वास्तुविशारदांच्या संस्थेने तिला सन्मानित केले, आणि २०११ मध्ये, काळाच्या कसोटीला उतरलेल्या इमारतींसाठी असलेला पंचवीस वर्षांचा पुरस्कारही तिला दिला. ६० व्या मजल्यावरची लोकप्रिय निरीक्षण-गच्ची ११ सप्टेंबर २००१ नंतर बंद झाली. विमा कंपनी तिथून गेल्यावर २०१५ मध्ये इमारतीचे अधिकृत नाव रस्त्याच्या पत्त्यावरून ‘२०० क्लॅरेंडन’ असे ठेवले गेले, पण बोस्टनकर अजून हँकॉकच म्हणतात. शेजारच्या १९४७ च्या जुन्या इमारतीच्या टोकावरचे दिवेही हवामान सांगत असतात: स्थिर निळा म्हणजे निरभ्र, लुकलुकता निळा म्हणजे ढग, स्थिर लाल म्हणजे पाऊस, लुकलुकता लाल म्हणजे बर्फ. उन्हाळ्यात बर्फ पडत नसल्यामुळे तेव्हा लुकलुकत्या लालचा अर्थ शहराच्या बेसबॉल संघाचा सामना रद्द झाला असा होतो.

उरतो तो एकच प्रश्न, की चार वेगळ्या दोषांची एकच चुकीची कथा इतकी वर्षे कशी टिकली. त्याचे उत्तर वकिलांकडे आहे. काचांच्या वादात मालक, वास्तुकार, बांधकाम कंपनी आणि काच उत्पादक यांच्यात समझोता झाला, तेव्हा कारणांविषयी जाहीरपणे न बोलण्याची अट सर्वांनी मान्य केली. त्यामुळे डाखाच्या जोडाचे निदान बरीच वर्षे गुप्त राहिले, आणि स्थैर्याच्या दोषाची कथा तर १९९० च्या दशकात वृत्तपत्रातून लोकांपुढे आली. तोवर लोकांच्या हाती दोनच उघड गोष्टी होत्या, रस्त्यावरची फुटकी काच आणि डोलणारा मनोरा, आणि त्यांनी त्या एकमेकींना जोडून टाकल्या.